कांदा लाल व्हायला चार गाणी: स्वयंपाक करताना आणि पाहुणे आले असताना संगीत कसं निवडावं

पहिल्यांदा आठ माणसं जेवायला बोलावली तेव्हा भाज्यांच्या यादीइतकाच वेळ मी गाण्यांच्या यादीवर घालवला होता. माझी सगळ्यात आवडती चाळीस गाणी, एकामागून एक. सकाळी अकराला ती लावली आणि साडेअकराला कुकरमधली डाळ खाली लागली, कारण ढोलकीच्या ठेक्यात शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. दुपारी दीडला मामा म्हणाले, "अरे, ते जरा बंद कर ना, शेजारचा काय बोलतोय ते कळत नाहीये." गाणी सगळी उत्तम होती, पण त्यातलं एकही त्या वेळचं नव्हतं.

त्यानंतर चार-पाच वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या छोट्या घरात, जिथे ओट्यापासून सोफा आठ पावलांवर आहे, मी यात बरेच प्रयोग केले. नव्याने स्वयंपाक करू लागलेल्यांना आणि नव्याने घरी माणसं बोलावू लागलेल्यांना त्यांचा उपयोग होईल. तुमची आवड काय असावी हे मी सांगणार नाही. कुठलं गाणं कधी बाजूला ठेवायचं, एवढंच सांगतो. अवघड तेच आहे.

आधी एक दिवस काहीच लावू नका

खरंच. एक अख्खा स्वयंपाक शांततेत करा आणि कानाने काय काय कळतं ते बघा. तेल तापलं की मोहरी तडतडू लागते, मग तडतड विरळ होते, आणि त्याच क्षणी हिंग-हळद पडायला हवी. भजी तेलात सोडली की सुरुवातीला खळखळाट असतो. पिठातलं पाणी उडत जातं तसे बुडबुडे कमी होतात, आवाज बारीक होतो, आणि तो बारीक झाला की भजी काढायची वेळ जवळ आली. मिक्सरमध्ये चटणी बारीक होत आली की भांड्याचा सूर बदलतो. दूध वर येण्याआधी कडेने सळसळतं. कुकरचं तर बोलायलाच नको, आपली पाककृतीच 'तीन शिट्ट्या' अशी लिहिलेली असते.

म्हणजे अर्धी पाककृती आवाजातच असते, आणि नवख्या माणसाला ती जास्त लागते. माझी आई बोलता बोलता फोडणी करते, कारण तिला वासावरून कळतं. तुम्हाला-मला तेवढं येईपर्यंत कान मोकळे हवेत.

यावरून आवाजाचं माप ठरतं. फोडणी करताना गॅसपासून दोन पावलं मागे उभं राहा. तिथे मोहरीची तडतड स्पष्ट ऐकू आली तर आवाज बरोबर आहे. नाही आली तर कमी करा. मिक्सर लावला की गाणं बुडणारच, पण तेव्हा गाण्याचा आवाज वाढवू नका. मिक्सर दोन मिनिटांत बंद होतो आणि वाढवलेला आवाज तसाच राहतो. चिमणी सतत घोंघावत असेल तर तिचा वेग एक पायरी कमी करून बघा, गाणं आपोआप वर येतं.

इअरफोन घालून स्वयंपाक करणारे बरेच जण आहेत. एकट्याने भांडी घासताना ठीक आहे. गॅस चालू असताना नको, एवढंच म्हणेन.

स्पीकर कुठे ठेवायचा

ओट्यावर नाही. तेलाचा तवंग स्पीकरच्या जाळीत बसला की निघत नाही, आणि वाफ तर सगळीकडे शिरते. खोक्यावर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढाच. पाण्याची ती चाचणी गरम तेलाबद्दल काही सांगत नाही.

भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून खर्ज वाढतो आणि लहान घरात तो घुमतो. गाण्याचे शब्द अस्पष्ट आणि ठेका मात्र छातीत, असं होत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आणा. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या दारापाशी, फळीवर, खांद्याच्या उंचीला असतो. तिथून तो ओट्यालाही पुरतो आणि बाहेरच्या खोलीलाही, आणि पाहुणे आल्यावर हलवावा लागत नाही.

मायक्रोवेव्ह चालू झाला की गाणं तुटक होतं का? दोष स्पीकरचा नाही. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये मायक्रोवेव्ह येणार नाही असं बघा. स्पीकरच नसेल तर फोन एखाद्या रिकाम्या पातेल्यात उभा करा. आवाज मोठा होतो, थोडा डबड्यासारखा होतो, पण सकाळच्या पोह्यांपुरता चालतो.

काम तसा ठेका

आता निवड. इथे लोक प्रकारापासून सुरुवात करतात: जुनी गाणी की नवी, मराठी की हिंदी, शास्त्रीय की सिनेमाची. माझ्या मते सुरुवात लयीपासून करावी, म्हणजे हात कुठल्या गतीने चालायला हवा आहे यापासून.

हे काही मी शोधलेलं नाही. जात्यावरची ओवी नेमकी हीच होती. पहाटे दळायला बसलेल्या बाईच्या ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली असायची. हात थकला तर चाल संथ होई, सोबतीला दुसरी आली की आवाजही दोन होत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गावात पिठाची गिरणी आली आणि दळण गेलं, तशी घराघरातली ओवीही गेली, कारण ती दळणाला बांधलेली होती. तुमची यादीही अशीच कामाला बांधा.

चिरायला मध्यलय घ्या. जलद गाण्यावर हात नकळत पळतो, आणि सुरी नवीन असेल तर बोट मध्ये येतं. उडत्या गाण्यावर कोथिंबीर चिरताना मी ते करून बसलोय. कणीक मळायला केरवा ताल छान, आठ मात्रांचा, हाताच्या तळव्याला आपोआप जोर येतो. पोळ्या लाटताना भजनी ठेका लावून बघा. तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही. वीस पोळ्यांमधली विसावी पहिलीसारखीच होते. गोल होते असं मी म्हणालो नाही.

ढवळत राहण्याची कामं वेगळी. पुरण आटवणं, खीर, गाजर हलवा, बासुंदी. इथे तीन-तीन मिनिटांची गाणी त्रासदायक ठरतात, कारण दर गाण्याला मन 'पुढचं काय' म्हणतं आणि हात थांबतो. एक लांब रचना लावा, पंचवीस-तीस मिनिटांची. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ सुरू होणारं शास्त्रीय गाणं, यासाठी फार चांगला. सुरुवातीला काही घडत नाही असं वाटतं, पातेल्यातही काही घडत नसतं. लय वाढत जाते तसं पुरणही घट्ट होत जातं, आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू होईपर्यंत उलथनं उभं राहायला लागलेलं असतं. शास्त्रीय संगीत 'कळत नाही' म्हणणाऱ्या माझ्या एका मित्राला ते पुरणाच्या पातेल्यापाशी आवडायला लागलं.

काही गाणी मात्र स्वयंपाकाची नव्हेतच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, ५६ गीतं, आठवड्याला एक. ती हातातलं काम खाली ठेवून ऐकण्यासाठी होती. गोष्ट सांगणारं, शब्दाशब्दाला पुढे नेणारं गाणं लागलं की डाव हातातच राहतो. गझलेचंही तेच. दुसऱ्या ओळीची वाट बघताना कांदा करपतो.

आणि ज्यांना यातलं काहीच ठरवायचं नाही, त्यांनी सरळ रेडिओ लावावा. विविध भारती १९५७ पासून हेच करत आली आहे: निवड दुसऱ्याची, मध्ये बोलणारा माणूस, अधूनमधून वेळही सांगितली जाते. माझ्या आईची सकाळ अजूनही तशीच चालते. रोजच्या डब्याच्या घाईत यादी करत बसणं मला तरी हास्यास्पद वाटतं.

गाण्यांनी वेळ मोजा

जुनी सिनेमाची गाणी साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असतात, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तबकड्या गेल्या, पण हे माप आपल्या कामाचं आहे.

उकळत्या पाण्यात सोडलेलं अंडं दोन गाण्यांत बाहेर काढलं तर बलक मऊ राहतो. पोहे धुऊन निथळत ठेवले की दोन गाणी. उपम्याचा रवा मंद आचेवर भाजायला तीन. गॅस बंद केल्यावर कुकरची वाफ जिरायला तीन ते चार, तोवर झाकणाला हात लावायचा नाही. आणि तीन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर खरोखर लाल व्हायला चार गाणी लागतात. पाककृतीत 'पाच मिनिटं परता' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. पाच मिनिटांत कांदा फक्त पारदर्शक होतो. तिसऱ्या गाण्यापाशी कंटाळा येतो, तिथेच बहुतेकांची भाजी बिघडते.

मी या कांद्यासाठी चार गाण्यांची वेगळी यादीच केली आहे. घरात तिला 'कांदा' म्हणतात.

पाहुणे आले की नियम उलटतात

आता संगीत हातासाठी नाही, माणसांमधल्या मोकळ्या जागेसाठी आहे. नवखे यजमान इथे हमखास चूक करतात: आपलं सर्वात लाडकं गाणं लावतात. लाडकं गाणं लक्ष मागतं. कुणीतरी "वा!" म्हणून बोलणं थांबवतं, किंवा कुणीच ऐकत नाही आणि तुम्ही मनातून खट्टू होता. दोन्ही वाईट. तुमची आवडती चाळीस बाजूला काढून ठेवा. त्यांचा उपयोग पुढे आहे.

बोलण्याशी सगळ्यात जास्त भांडतात ते शब्द. सगळ्यांना येणाऱ्या भाषेतलं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं कान ओढून घेतं. म्हणून माणसं जमत असताना वाद्यसंगीत सोयीचं: बासरी, संतूर, सरोद, गिटार. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम अनेक घरांत याच कामासाठी वाजत आलाय. तो सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमाने पुढे जातो, त्यामुळे यादी लावायचेही कष्ट वाचतात. मैफलीचं पूर्ण ध्वनिमुद्रण लावत असाल तर एक सूचना. आलापाच्या पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी विचारेल, "बंद पडलं का रे?" आणि शेवटी 'झाला', म्हणजे वाद्यावरचा सगळ्यात जलद भाग, सुरू होतो तेव्हा नेमके सगळे जेवायला बसलेले असतात, आणि घास चावण्याचा वेग वाढतो. तो भाग येण्याआधी पुढचं लावा.

सनई टाळा. सुंदर वाद्य आहे, पण आपल्या कानांना तिची इतकी सवय एकाच प्रसंगाची आहे की पाहुणे आहेराचं पाकीट चाचपायला लागतात. देवाची गाणी, विशेषतः अंत्यविधीच्या वेळी वाजणारी भजनं, कुणाच्या घरी काय घडून गेलंय हे माहीत असल्याशिवाय लावू नयेत. आणि लहान मुलं असतील तर त्यांनी मागितलेलं एक गाणं एकदाच लावायचं, असा करार आधीच करून टाका. करार मोडला जातो, पण निदान असतो.

आवाजाचं माप आता वेगळं. सोफ्यावर शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांकडे झुकावं लागता कामा नये. घर रिकामं असताना हे जमतं, मग माणसं वाढतात, कलकलाट वाढतो आणि गाणं ऐकू येईनासं होतं. तेव्हा यजमानाचा हात आपसूक आवाज वाढवायला जातो. तो आवरा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली मांडलं, आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. तुम्ही गाणं वाढवलंत की लोक मोठ्याने बोलणार, ते मोठ्याने बोलले की गाणं पुन्हा बुडणार. या स्पर्धेत कुणी जिंकत नाही आणि सगळ्यांचे घसे बसतात. गर्दी जमल्यावर गाणं बुडालं तर बुडू द्या, त्याचं काम झालेलं असतं.

कानाला यंत्र लावणाऱ्या आजी-आजोबांची आठवण ठेवा. मागे संगीत चालू असलं की त्यांना समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं फार जड जातं. ते तक्रार करत नाहीत, फक्त गप्प होतात. त्यांची खुर्ची स्पीकरपासून लांब ठेवा, आणि ते गप्प दिसले तर गाणं बंदच करा. माझ्या मामांनी निदान बोलून दाखवलं.

एक रविवार, आठ माणसं, पुरणपोळी

हे सगळं एका दुपारी कसं बसतं ते सांगतो.

साडेआठला हरभऱ्याची डाळ कुकरला. रेडिओ, हळू आवाजात, शिट्ट्या मोजायच्या आहेत. सव्वानऊला कट निथळून काढला, डाळीत गूळ घातला आणि पुरण आटवायला घेतलं: एक सकाळचा राग, तोडी किंवा अहिर भैरव, पूर्ण. राग-वेळेचं बंधन मी नियम म्हणून पाळत नाही, पण सकाळी सकाळचं लागलं की उगाच बरं वाटतं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढताना दंडाला जोर लागतो, तिथे कोळीगीतं. साडेदहाला बटाट्याची भाजी, कोशिंबिरीची चिराचिरी, कटाच्या आमटीचं वाटण: मध्यलयीतली जुनी गाणी. साडेअकराला पोळ्या. इथे मी सगळं बंद करतो. पुरणपोळी तव्यावर टाकताना फुटली की कुठलंही गाणं कर्कश वाटतं.

सव्वाबाराला पहिली बेल. दाराबाहेर ऐकू जाईल न जाईल इतकी बासरी, वृंदावनी सारंग, दुपारचाच राग. पाणी, सरबत, चौकश्या.

एकला पानं मांडली की पुन्हा बंद. यावर माझ्या बायकोचं आणि माझं एकमत व्हायला वर्ष लागलं. वाढताना ऐकावं लागतं. कुणाला तूप हवंय, कोण 'पुरे' म्हणतंय, कोण तोंडदेखलं पुरे म्हणतंय, हे सगळं आवाजावरून कळतं. पंगतीत पूर्वी श्लोक म्हणायचे तेही माणसंच, आणि आग्रह चालू झाला की तेवढं संगीत पुरतं.

जेवणं झाली, विडे किंवा कॉफी आली, माणसं सैलावली की मग शब्दांची पाळी. नाट्यगीतं, भावगीतं, गझल. आता कुणी बोलणं थांबवून ऐकलं तर चालेल, आणि कुणी सूर मिसळला तर स्पीकर बंद करून त्यांनाच गाऊ द्या. रात्रीचं जेवण असेल तर हाच क्रम संध्याकाळच्या यमन-भूपापासून सुरू होतो आणि शेवटाला थोडा वेग येतो. गोव्यात मांडो हे संथ गाणं झालं की त्याच्यामागून दुल्पोद हे जलद गाणं येतं, तसा. पण रात्री दहानंतर भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात.

फोनचं काय करायचं

या भागाला वेळ कमी लागतो, पण तो टाळू नका. यादी आदल्या दिवशी फोनवर उतरवून ठेवा, इंटरनेट नेमकं रविवारी जातं. फुकटच्या सेवेत मध्येच जाहिरात किंचाळते, त्यामुळे निदान त्या दुपारपुरतं स्वतःकडचं संगीत वापरा. यादी संपल्यावर ॲपने स्वतःच्या मनाने पुढे वाजवत राहण्याची सोय बंद करा. बासरीनंतर त्याला काय सुचेल याचा नेम नाही.

आणि फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. आमच्याकडे एकदा आत्याचा व्हॉइस मेसेज मी घाईत उघडला आणि तो थेट स्पीकरवर वाजला. त्यात ती ज्यांच्याबद्दल बोलत होती ते समोर कोशिंबीर खात होते. ती कोशिंबिरीबद्दल बोलली नव्हती.

निरोप

पाहुणे उठत नसतील तर भैरवी लावा. मैफल भैरवीने संपते हे गाण्यात रस नसलेल्यांनाही कुठेतरी ठाऊक असतं. दोन भैरव्यांनंतर कुणीतरी घड्याळाकडे बघतंच. त्यानेही उठले नाहीत तर ती माणसं खरंच जवळची आहेत, आणखी कॉफी करा.

मग दार लागतं, आणि राहतात फक्त भांडी. गॅस बंद, कुकर रिकामा, कुणाचं काही ऐकायचं नाही. बाजूला ठेवलेली ती चाळीस गाणी आता काढा, हवा तेवढा आवाज करा. मी घासतो, बायको पुसून ठेवते, दोघंही बेसूर. गेल्या खेपेला मामा डबा विसरले म्हणून जिन्यातून परत आले. त्यांनी बेल तीनदा वाजवली, मग फोन केला. फोन अर्थातच 'डू नॉट डिस्टर्ब'वर होता.